एकशे अठ्ठावीस प्रश्न पाठ करायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६६ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. आई ६२ वर्षांच्या, शिक्षण सातवीपर्यंत. दोघांच्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं होत आली. अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेचे १२८ प्रश्न तुम्ही मोठ्या अक्षरात छापून दिलेत. आईंनी पाढ्यांसारखे निम्मे पाठही केले, पण क्रम बदलला की सगळं उडून जातं. आता कुठून आणि कसं शिकवावं?

मी न्यू जर्सीत गेली चौदा वर्षं रविवारी सकाळी ज्येष्ठांना हाच विषय शिकवते. माझं पहिलं सांगणं असं की तो कागद महिनाभर कपाटात ठेवा. पहिल्या वर्षी मीही घोकंपट्टीच करून घेत होते. एका आजींना तेव्हाच्या यादीतले शंभरच्या शंभर प्रश्न तोंडपाठ होते. ‘स्वातंत्र्याचा जाहीरनामा कोणी लिहिला’ आणि ‘राज्यघटना कधी लिहिली गेली’ हे दोन प्रश्न त्यांना लागोपाठ विचारले गेले. पहिल्याला त्यांनी दुसऱ्याचं उत्तर दिलं. चूक लक्षात आल्यावर त्या इतक्या घाबरल्या की पुढे स्वतःचा पत्ताही सांगता येईना. त्या नापास झाल्या त्या माझ्यामुळे, असं मला आजही वाटतं. जाहीरनामा वेगळा आणि घटना वेगळी, मधे अकरा वर्षं गेली आणि त्या अकरा वर्षांत बरंच काही बिघडलं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

आधी नियम. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० पर्यंत प्रश्न विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. बारा बरोबर झाले की अधिकारी थांबतात, नऊ चुकले तरी थांबतात. त्याआधी अर्ज केलेल्यांना जुनी पद्धत आहे: शंभरांतले दहा, सहा बरोबर. पन्नाशी उलटलेल्यांना ग्रीन कार्डावर २० वर्षं झाली असतील किंवा पंचावन्न उलटलेल्यांना १५ वर्षं, तर इंग्रजीची सूट मिळते आणि दुभाषी घेऊन मराठीत उत्तरं देता येतात. तुमच्या आईबाबांना पाचच वर्षं झालीत, म्हणून ही सूट नाही. इंग्रजीतूनच द्यावं लागेल. वाचनाला तीन वाक्यं मिळतात, त्यांतलं एक नीट वाचलं की झालं. लेखनाचंही तसंच. एखादा भाग राहिला तर ६० ते ९० दिवसांत त्या भागासाठी पुन्हा एकदा बोलावतात.

आता शिकवण्याकडे वळू. आपल्या माणसांना नागरिकशास्त्र येत नाही असं समजू नका. बाबांनी वर्गात लोकसभा, राज्यसभा, मूलभूत हक्क हे सगळं शिकवलेलं असणार. त्यांना नव्याने शिकवायचं नाही, फक्त फरक दाखवायचे. यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेला धडा बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी आपली आणि अमेरिकेची व्यवस्था शेजारी शेजारी ठेवून दाखवली. आपला राष्ट्रपती हा इंग्लंडच्या राजासारखा राष्ट्राचा प्रमुख आहे, पण कारभार मंत्रिमंडळ करतं. अमेरिकेत कारभार स्वतः अध्यक्षच करतो. आपलं सरकार सभागृहाला रोज उत्तर देतं, म्हणून आपल्याकडे जबाबदारी जास्त. तिथला अध्यक्ष ठरलेल्या मुदतीसाठी बसलेला असतो, म्हणून तिथे स्थैर्य जास्त. हे भाषण मराठीतून उपलब्ध आहे, बाबांना नक्की वाचायला द्या. शिक्षक माणसाला ते एकदा वाचून जेवढं कळेल, तेवढं छापील पुस्तिकेतून महिन्याभरातही कळणार नाही.

हा एक फरक मनात बसला की दहा-पंधरा प्रश्न आपोआप सुटतात. अमेरिकेचा अध्यक्ष प्रतिनिधीगृहाच्या बहुमतावर उभा नसतो, म्हणून अविश्वास ठराव नाही. तो सभागृह बरखास्त करू शकत नाही, म्हणून निवडणुका ठरलेल्या वर्षी नोव्हेंबरातच होतात, पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. त्याचे मंत्री काँग्रेसचे, म्हणजे इथल्या संसदेचे, सदस्य असू शकत नाहीत. कायदा काँग्रेस करते, अध्यक्ष सही करतो किंवा नकाराधिकार वापरतो, दोन्ही सभागृहं दोन-तृतीयांश मतांनी तो नकार फिरवू शकतात आणि कायदा घटनेत बसतो की नाही हे सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश ठरवतात. त्या न्यायाधीशांना अध्यक्ष नेमतो, पण सिनेटने होकार द्यावा लागतो. ‘शासनाच्या तीन शाखा का आहेत?’ या प्रश्नाचं उत्तर ‘एकाच्याच हाती सगळी सत्ता जाऊ नये म्हणून’. राजाच्या जाचातून सुटलेल्या माणसांनी हे घर बांधलं, आणि त्याच्या प्रत्येक खोलीला दुसऱ्या खोलीतून कडी लावता येईल अशी सोय केली. आईंना मी एवढंच सांगेन. सातवीच्या शिक्षणाला ते पुरेसं आहे.

इथे एक अडचण हमखास येते. ‘काँग्रेस’ म्हटलं की आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पक्ष येतो. पहिल्याच दिवशी सांगा की इथे काँग्रेस म्हणजे संसद, आणि तिची दोन सभागृहं: सिनेट आणि हाऊस, म्हणजे प्रतिनिधीगृह. सिनेटमध्ये १०० सदस्य, मुदत सहा वर्षं. हाऊसमध्ये मतदान करणारे ४३५, मुदत दोन वर्षं. ‘हाऊस’ हे घर नाही, ‘स्पीकर’ हा कर्णा नाही, ‘बिल’ लाइटचं नाही आणि ‘राइट’ म्हणजे प्रत्येक वेळी बरोबर किंवा उजवा नव्हे. ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ राज्याचा सचिव नाही, तो परराष्ट्रमंत्री. या शब्दांवर एक अख्खा रविवार घालवा. माझ्या अनुभवात इतिहासापेक्षा जास्त गोंधळ याच ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी होतो.

सिनेट समजावताना राज्यसभेशी तुलना करा. राज्यसभेत उत्तर प्रदेशाच्या ३१ जागा, महाराष्ट्राच्या १९, गोव्याची एक. सिनेटमध्ये मात्र सुमारे चार कोटी लोकांच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही दोनच. का? १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्यांमध्ये यावरून मोठं भांडण झालं. व्हर्जिनियासारखी मोठी राज्यं म्हणत होती, लोकसंख्येप्रमाणे जागा द्या. लहान राज्यांची बाजू न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसन यांनी मांडली: सर्वांना समान द्या. शेवटी एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे आणि दुसऱ्यात समसमान अशी तडजोड झाली. तुम्ही न्यू जर्सीत राहत असाल तर आईंना सांगा, हे आपल्याच राज्याने भांडून मिळवलंय.

सारखेपणाही दाखवा, त्याने धीर येतो. आपला उपराष्ट्रपती राज्यसभेचा सभापती असतो, इथला उपाध्यक्ष सिनेटचा. आपल्या उद्देशिकेत ‘आम्ही, भारताचे लोक’ आहे, इथे ‘वुई द पीपल’. राज्यांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे नेमकं उलट आहे. जो विषय कोणत्याच यादीत नाही तो आपल्याकडे केंद्राकडे जातो. इथे दहाव्या घटनादुरुस्तीनुसार केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांचे किंवा लोकांचे. म्हणून शाळा, पोलीस, ड्रायव्हिंग लायसन्स ही कामं राज्यांची. गव्हर्नरला लोक निवडून देतात, दिल्लीहून राज्यपाल पाठवावा तसं नाही. प्रत्येक राज्याची स्वतःची घटनाही असते. देशाच्या घटनेत बदल करायचा तर साधारणपणे दोन्ही सभागृहांची दोन-तृतीयांश मतं आणि पन्नासपैकी ३८ राज्यांची संमती लागते, म्हणून आजवर फक्त २७ दुरुस्त्या झाल्या. त्यांतल्या पहिल्या दहा म्हणजे १७९१चं ‘बिल ऑफ राइट्स’.

आता इतिहास. त्यासाठी मी टेबलावर नोटा मांडते. एक, दोन, पाच, दहा, वीस, पन्नास, शंभर डॉलर. दोनची नोट सहसा मिळत नाही, बँकेत मागितली तर देतात. एका वर्गात कोकणातल्या एक काकू नोटांवरचे चेहरे बघत म्हणाल्या होत्या, ‘ही माणसं रोज हातात असतात आणि नावं माहीत नाहीत.’ त्या दिवसापासून हा माझा पहिला धडा झाला.

शंभरापासून सुरू करते. तिच्यावर बेंजामिन फ्रँकलिन. हे अध्यक्ष कधीच नव्हते, हे आधी सांगा. पहिले पोस्टमास्तर जनरल, मुत्सद्दी, घटना सभेतले सर्वांत वयोवृद्ध सदस्य. नोटेच्या मागे जी इमारत आहे तिथेच जाहीरनामाही मंजूर झाला आणि अकरा वर्षांनी घटनाही लिहिली गेली. दोनच्या नोटेवर जेफर्सन, जाहीरनामा लिहिणारे. मागच्या चित्रात तो मसुदा सादर होतोय. तो मंजूर झाला ४ जुलै १७७६ रोजी. एकावर वॉशिंग्टन: सेनापती, घटना सभेचे अध्यक्ष आणि देशाचे पहिले अध्यक्ष. मागच्या गरुडाच्या चोचीतल्या फितीवर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘अनेकांतून एक’. पिरॅमिडच्या पायऱ्या तेरा, बाण तेरा, तारे तेरा. तेरा वसाहती कायमच्या लक्षात राहिल्या.

जाहीरनामा आणि घटना यांची गल्लत होऊ नये म्हणून खूणगाठ एकच: जाहीरनामा म्हणजे त्यांचा १५ ऑगस्ट, घटना म्हणजे त्यांची २६ जानेवारी. मधल्या काळात त्यांनी सैलसर संघराज्य करून पाहिलं. केंद्राला कर बसवता येईना, सैनिकांचे पगार देता येईनात. म्हणून १७८७ साली पुन्हा बसले. त्या घटनेचे जनक जेम्स मॅडिसन. ‘देशाचे जनक’ विचारलं तर वॉशिंग्टन, ‘घटनेचे जनक’ विचारलं तर मॅडिसन. दहाच्या नोटेवरचे हॅमिल्टन पहिले अर्थमंत्री. हेही अध्यक्ष नव्हते. मॅडिसन, हॅमिल्टन आणि जॉन जे यांनी वर्तमानपत्रांतून लेख लिहून लोकांना घटना पटवून दिली.

बाबांना इतिहासाची आवड असेल तर इथे थोडं थांबा. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध १७७५ ते १७८३ चाललं, आणि आपलं पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२. म्हणजे इंग्रज एकाच वेळी तिकडे वॉशिंग्टनशी आणि इकडे महादजी शिंदे आणि नाना फडणवीसांच्या फौजांशी लढत होते. १७८१ साली यॉर्कटाउनला शरण आलेला कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९२च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत टिपूविरुद्ध त्याच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौजा घेऊन उभे होते. १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात लोकांनी जो चहा फेकला, तोही आपल्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचाच. परीक्षेत यातलं आपल्याकडचं काही विचारत नाहीत. पण एका निवृत्त मास्तरांनी हे ऐकलं आणि त्यानंतर त्यांना १७७६, १७८१, १७८७ ही सालं पुन्हा विचारावी लागली नाहीत.

विसाच्या नोटेवर जॅक्सन. यांच्याच सहीने १८३० साली मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून हलवण्याचा कायदा झाला, आणि त्या वाटेवर चेरोकी लोकांची हजारो माणसं गेली. परीक्षेत ‘अमेरिकन इंडियन’ जमातीचं नाव विचारतात. ‘इंडियन’ ऐकून आपण आपलंच समजतो, म्हणून चेरोकी, नव्हाहो, सू यांतली नावं तोंडात बसवा.

पाचावर लिंकन. इथे घाई करू नका. दोन-तीन रविवार द्या. १८६१ ते १८६५ यादवी युद्ध, १८६३ साली बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त करणारा जाहीरनामा. मग तीन दुरुस्त्या: तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली (१८६५), चौदावीने इथे जन्मलेल्या माणसांना नागरिकत्व आणि सर्वांना कायद्याचं समान संरक्षण दिलं (१८६८), पंधरावीने वंशावरून मत नाकारायला बंदी केली (१८७०). पन्नासच्या नोटेवरचे ग्रँट हे त्या युद्धातले उत्तरेचे सेनापती, आणि पंधरावी मंजूर झाली तेव्हाचे अध्यक्ष. आपल्याशी याचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर सांगा: १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसलेल्या माणसाला ते युद्ध आपलं वाटलं होतं. हे सांगताना आजही माझा आवाज जड होतो.

नोटांवर जे चेहरे नाहीत त्यांचाही धडा घ्या. सुझन अँथनी स्त्रियांच्या मतासाठी लढल्या, तो हक्क एकोणिसाव्या दुरुस्तीने १९२० साली मिळाला, त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. कृष्णवर्णीयांना १८७० साली कागदावर मिळालेलं मत दक्षिणेत प्रत्यक्षात वापरता यायला मार्टिन ल्यूथर किंग आणि हजारो साध्या माणसांची चळवळ लागली आणि १९६५चा मतदान हक्क कायदा लागला. किंग १९५९ साली गांधीजींचा देश बघायला भारतात आले होते. आणि आपण? १७९०च्या कायद्याने नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला होतं. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरी १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस त्या व्याख्येत बसत नाही. १९४६ साली नागरिकत्वाचं दार उघडलं, पण भारतातून नव्याने येणाऱ्यांना वर्षाला शंभर जणांपुरतंच. १९६५च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोटे काढले, आणि नागरिकाच्या आईवडिलांना संख्येच्या मर्यादेबाहेर ठेवलं. तुमचे आईबाबा इथे आले ते त्याच वाटेने. ‘वुई द पीपल’मध्ये कोण, याचं उत्तर हळूहळू रुंदावत गेलं. आईंना घटनादुरुस्त्या आठवत नसतील तर ही गोष्ट सांगा, आकडे मागून येतात. बाकीचा विसाव्या शतकाचा भाग, म्हणजे महामंदी, दोन महायुद्धं, शीतयुद्ध, बाबा यादीतूनच भराभर करतील.

एवढं झालं की कपाटातला कागद काढा. नव्या यादीत ‘दोन सांगा’, ‘तीन सांगा’ असे प्रश्न बरेच आहेत. एक सांगून थांबलं की उत्तर अपुरं, म्हणून प्रश्नातला आकडा आधी ऐकायची सवय लावा. बऱ्याच प्रश्नांना अनेक उत्तरं चालतात. आईंच्या जिभेवर बसेल असं सर्वांत छोटं उत्तर निवडा आणि तेच ठेवा. सिनेटर, गव्हर्नर, स्पीकर यांची नावं बदलत असतात, ती मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात तपासा.

मुलाखतीत खरी कसोटी बहुधा एन-४०० अर्जाची, म्हणजे नागरिकत्वासाठी भरलेल्या अर्जाची असते. त्यातले प्रश्न मोठमोठे आणि शब्द अवघड: शपथ, निष्ठा, हद्दपारी, ‘बेअर आर्म्स’ म्हणजे देशासाठी शस्त्र हाती घेणं. अधिकारी मधेच विचारतात, ‘याचा अर्थ काय?’ सगळ्याला ‘येस, येस’ म्हणणारी आपली माणसं इथेच अडकतात. प्रत्येक अवघड शब्दाला तीन-चार सोप्या इंग्रजी शब्दांचा अर्थ पाठ करून घ्या, आणि ‘प्लीज रिपीट’ म्हणायची लाज घालवा. घरात तुम्ही नका घेऊ सराव परीक्षा. शेजारच्या, मराठी न येणाऱ्या कोणाला तरी बोलवा. उच्चाराची सवय होते आणि परक्या माणसासमोर बोलायची भीड चेपते.

दोन गोष्टी जिवापाड सांभाळा. शपथविधी होईपर्यंत मतदार नोंदणी करायची नाही. गाडीच्या लायसन्सच्या ऑफिसात सहज विचारतात आणि आपण सहज हो म्हणतो. नागरिक नसताना केलेली नोंदणी किंवा मतदान अर्ज बुडवू शकतं, त्याहून वाईटही होऊ शकतं. असं काही आधीच झालं असेल तर अर्ज भरायच्या आधी वकिलाला दाखवा.

दुसरी गोष्ट गावची. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढता येतं. त्यावर जायला-यायला अडचण नाही, पण भारतात मतदान करता येत नाही आणि नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. साताऱ्याकडे बाबांचं शेत असेल, भावाच्या वाटणीचा तुकडा घ्यायचा विचार असेल, तर त्या व्यवहाराचं अर्ज करायच्या आधीच बोलून घ्या. शपथविधीच्या सकाळी कोणाच्या मनात तो विषय नको.